"शरीरीं समाधान नाहीं" : चाकराच्या आजाराची वर्दी व ऐवजी माणूस

वऱ्हाडांतील भातकुली हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे तें मुख्यतः भोजकट या प्राचीन नांवामुळें. रुक्मिणीहरणाच्या वेळीं पराभूत झालेला रुक्मी कुंडिनपुरास परत गेला नाहीं, त्यानें भोजकट येथें वास्तव्य केलें, ही कथा पुराणप्रसिद्ध आहे. आणि तें भोजकट म्हणजेच अमरावतीच्या पश्चिमेचें, पेढी नदीच्या परिसरांतील आजचें भातकुली, हें मत बहुतेक विद्वानांस मान्य आहे. वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटांत भोजकटराज्याचा उल्लेख येतो. या ताम्रपटाची चर्चा वाकाटकांच्या वंशावळीसाठीं व प्राचीन भूगोलासाठीं पुष्कळ झाली आहे. आज आम्हांस त्यांतील एका निराळ्याच पदाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. दान दिलेलें चर्मांक गांव ज्या ज्या गोष्टींपासून मुक्त केलें, त्यांच्या यादींत विष्टि आहे. विष्टि म्हणजे वेठ. मराठी शब्द मुळीं त्या संस्कृत शब्दापासूनच आला. एका गांवास वेठ माफ केली, याचा अर्थ भोंवतालच्या गांवांस ती होतीच. मग पंधराशें वर्षांपूर्वीं भोजकटराज्यांतील एखाद्या वेठकऱ्यास, ज्या दिवशीं राजपुरुषाचें ओझें वाहावयाचें नेमक्या त्याच दिवशीं ताप भरला, तर त्यानें तें कोणास आणि कसें कळवावयाचें?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. सनदा, महजर व वंशावळी यांत रमणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं तो ऐकून नुसतें स्मित केलें. परंतु चाकर आजारी पडला म्हणजे धन्यास तें कसें कळतें, धनी त्यावर विश्वास ठेवतो कीं नाहीं, आणि त्या आजाराचा खर्च अखेर कोणाच्या माथीं पडतो, या तीन गोष्टींवरून कोणत्याही काळच्या राज्यव्यवहाराची जितकी परीक्षा होते तितकी मोठमोठ्या तहनाम्यांवरूनही होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. या विषयाचा मागोवा घेतां आम्हांस जें आढळलें तें थोडक्यांत असें कीं, आपल्याकडे आजाराची वर्दी शब्दानें किंवा कागदानें दिली जाण्यापूर्वीं ती माणसानें दिली जात असे. आजारी चाकर "मी येऊं शकत नाहीं" एवढेंच सांगून सुटत नसे. तो आपल्या जागीं दुसरा उभा करी, आणि त्या दुसऱ्याचें उभें राहणें हीच वर्दी असे.

प्रथम शास्त्रग्रंथ पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाच्या चौदाव्या अध्यायांत कर्मकरांचा विचार आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्यास तेथें बारा पण दंड सांगितला आहे व काम पुरें होईपर्यंत त्यास अडकवून ठेवण्याचीही मुभा आहे. मात्र जो अशक्त आहे, ज्यास हीन काम लावलें आहे, किंवा जो व्याधीनें अथवा संकटानें ग्रासला आहे, त्यास दोन वाटा मोकळ्या ठेविल्या आहेत. एक अनुशय, म्हणजे करार मोडून घेण्याची सवलत. दुसरी, तेंच काम दुसऱ्याकडून करवून देण्याची. ही दुसरी वाट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील दोन हजार वर्षांत आपला समाज बहुधा तिनेंच चालत आला.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हाच विषय २१५ ते २१७ या तीन श्लोकांत आला आहे. आजारी नसतां जो चाकर केवळ दर्पानें काम टाळतो, त्यास आठ कृष्णल दंड, आणि वेतनही नाहीं. परंतु जो आर्त आहे, तो स्वस्थ झाल्यावर पूर्वीं ठरल्याप्रमाणें काम पुरें करून देईल, तर कितीही दीर्घ काळ लोटला असला तरी त्याचें वेतन त्यास मिळालेंच पाहिजे. येथवर न्याय उदार दिसतो. तिसरा श्लोक मात्र कठोर आहे : आर्त असो वा स्वस्थ असो, काम पार न पडल्यास, अगदीं थोडें उरलें असलें तरी, वेतन देऊं नये. येथें मूळ क्रियापद प्रयोजक आहे, 'कारयेत्'. "करीत नाहीं" असा त्याचा अर्थ नव्हे. "करवून देत नाहीं" असा आहे. ज्यांनीं प्रयोजक क्रियापदें शिकविण्यांत वर्षें घालविलीं, त्यांस हा एक णिच् प्रत्यय सोडून पुढें जाववत नाहीं. आजारी माणसानें स्वतः काम करावें अशी स्मृतिकाराची अपेक्षा नाहीं. पण त्यानें तें करवून द्यावें ही अपेक्षा आहेच. म्हणजे ऐवजी माणूस येथेंही पडद्याआड उभा आहे.

शुक्रनीतीकडे वळलें कीं वाचक चकित होतो. तिच्या दुसऱ्या अध्यायांत आजारी सेवकाविषयीं जे नियम आहेत, ते एखाद्या कचेरीच्या रजापुस्तकांतून उतरले असावेत इतके नेटके आहेत. अर्ध्या पक्षापर्यंतच्या आजारांत वेतन अल्पही कापूं नये. त्याहून अधिक आजार झाल्यास चतुर्थांश कमी करून द्यावें. दीर्घ आजारांत सहा महिन्यांपलीकडे देऊं नये. फार गुणवान सेवक असेल तर त्यास अर्धें वेतन चालूं ठेवावें. वर्षांतून एक पक्ष सेवेवांचून वेतन द्यावें. आणि चाळीस वर्षें सेवा झालेल्यास पुढें अर्धें वेतन बसून द्यावें. येथेंही 'प्रतिनिधि' हा शब्द येतो. हा ग्रंथ गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८२ मध्यें मद्रासेंत छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून प्राचीन हिंदूंच्या उदारतेचा पुरावा म्हणून हे श्लोक अनेकांनीं सभांतून म्हटले. आम्हीही तरुणपणीं म्हटले आहेत. पुढें लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ मध्यें हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें साधार प्रतिपादन केलें, आणि आमचा उत्साह ओसरला. चाळीस वर्षांनीं अर्धें वेतन व वर्षाकांठीं पंधरवड्याची रजा हीं शुक्राचार्यांच्या तोंडीं घातलेलीं कंपनी सरकारच्या दप्तरांतील वचनें असावींत, असें आतां आम्हांसही वाटतें. खोटी नाणीं ओळखतां येणें हेंही संग्राहकाचें कामच आहे. आणि खोट्या नाण्यावरूनही तें पाडणाऱ्याच्या काळची भूक कळते.

ग्रंथांवरून कागदांवर येऊं. मोडी पत्रांचा ज्यांस सराव आहे, त्यांस आजाराच्या वर्दीची भाषा तोंडपाठ असेल. आजारी पडलेला सरदार, वकील वा कारकून "मी रोगी आहें" असें सहसा लिहीत नाहीं. "शरीरीं समाधान नाहीं", "शरीरीं सावकाश नाहीं", "प्रकृतीस आराम नाहीं", अशी नकाराची वळणें तो पसंत करतो. रोगाचें नांव घेतलें तर तो बळावतो ही लोकसमजूत त्यामागें असेल. पण त्यांत व्यवहारही आहे. समाधान नाहीं म्हणणाऱ्यास उद्यां समाधान होऊं शकतें. रोगी म्हणविणाऱ्याची जागा मागावयास चार जण आजच उभे राहतात. त्या पाठोपाठ औषध चालूं असल्याचें लिहावयाचें, उतार पडतांच हुजूर येतों असें आश्वासन द्यावयाचें, आणि अखेर अमक्यास पाठविला आहे तो काम करील, असें सांगावयाचें. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची.

येथें शब्दांविषयीं थोडें विषयांतर क्षम्य व्हावें. समाधान, शरीर, प्रकृति हे शब्द संस्कृत आहेत. परंतु वर्दीच्या बाकी सर्व शब्दांवर फारशी-अरबीची छाया आहे. आजार व आराम हे दोन्ही फारशी. अर्ज म्हणजे पुढें मांडणें. हजेरी व गैरहजेरी यांत हजर हें अरबी पद आहे. ऐवज व बदल हेही तिकडचे. रजा या शब्दाचा मूळ अर्थ सुटी नव्हेच; तो धन्याची राजीखुषी, संमति, असा आहे. म्हणून जुन्या कागदांत रजा 'होते', 'मिळते'. आपण आपली 'घेत' नाहीं. आजची मंडळी रजा घेतात. क्रियापद बदललें कीं व्यवहार बदलला, असें समजावें. नोकर हा शब्द तर मोंगोल भाषेंतून फारशीच्या मार्गानें आला. त्याचा अर्थ सोबती. सोबती आजारी पडल्यास त्याच्या बिछान्यापाशीं बसावयाचें असतें, इतकेंच सुचवून हें विषयांतर आम्ही आटोपतों.

ऐवजी माणूस देण्याची चाल मराठेशाहींत वरपासून खालपर्यंत होती. अष्टप्रधानांस मुतालिक असत, ते प्रधानाच्या गैरहजेरींत त्याचा शिक्का चालवीत. गांवपातळीवर पाटील, कुलकर्णी, बलुतेदार हीं सर्व वतनें घराण्याचीं, व्यक्तीचीं नव्हेत. त्यामुळें चाकरीची जबाबदारीही घराण्याची. धनी आजारी असला तर भाऊ जाईल, भाऊ नसेल तर मुलगा, मुलगा अज्ञान असेल तर गुमास्ता. घरांत एक अंथरुणास खिळला तरी वतनाची चाकरी अडतां कामा नये. आजारी माणसास ही व्यवस्था दिलासा देई हें खरें. पण तीच त्याच्या घरांतील दुसऱ्या कोणास तरी उठवून कामावर नेई, हेंही तितकेंच खरें.

याचें एक ठसठशीत उदाहरण थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या कर्नाटक मोहिमेंत सांपडतें. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन हे त्या पेशव्यांचे अत्यंत भरंवशाचे सरदार. मोहीम चालूं असतांना त्यांची प्रकृति ढासळली आणि १७७१ च्या आरंभीं ते मिरजेस वारले. पथकाचें काम त्यांचे बंधु वामनराव पाहूं लागले. त्याच हंगामांत स्वतः पेशव्यांचीही प्रकृति बिघडली व त्यांस मार्गांतूनच परतावें लागलें; सेनापत्य त्रिंबकराव मामा पेठे यांच्याकडे आलें, आणि १७७१ च्या मार्चांत मोतीतलावावर हैदराचा पराभव झाला तो मामांच्या हातून. सरदार आजारी, धनी आजारी, दोघांच्याही जागीं ऐवजी उभे, आणि फत्ते झाली. औपचारिक दृष्ट्या पाहिलें तर माधवराव हेही चाकरच होते. त्यांचे स्वामी छत्रपति रामराजे साताऱ्यास होते. क्षयानें जर्जर झालेल्या या प्रधानानें कामाचा भार खालीं ठेविला तो १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, थेऊर येथें, देहाबरोबरच. प्रधानाच्या आजारास मुतालिक मिळतो, पण त्याच्या बुद्धीस मिळत नाहीं, हें पुढच्या दोन वर्षांनीं पुणें दरबारास शिकविलें.

आतां विश्वासाचा प्रश्न. आजाराची वर्दी खरी कशावरून? आपल्या इतिहासांत हा प्रश्न दोनदां फार मोठा झाला, आणि दोन्ही वेळां त्याचें उत्तर चुकलें. पहिला प्रसंग सर्वांस माहीत आहे. १२ मे १६६६ रोजीं आग्र्याच्या दरबारांत शिवाजी महाराजांचा अवमान झाला. पुढें नजरकैदेंत असतां आजाराचें निमित्त करून मिठाईचे पेटारे बाहेर जाऊं लागले, आणि १७ ऑगस्टच्या सुमारास महाराज निसटले. त्यांच्या जागीं बिछान्यावर हिरोजी फर्जंद निजला होता, व जातांना त्यानें पहारेकऱ्यांस डोकें दुखत असल्याची बतावणी केली, असें सभासदाच्या बखरींत आहे. येथें आजारही खोटा, ऐवजीही खोटा, आणि दोन्हींवर विश्वास बसला. वतनी चाकरींत ऐवजी माणूस कामावर जातो; येथें तो अंथरुणावर गेला आणि मूळ पुरुष कामावर! या प्रसंगाकडे या बाजूनें पाहिल्यास त्यांतील विनोद अधिक खुलतो.

दुसरा प्रसंग दुःखद आहे. गायकवाडांचे मुतालिक गंगाधरशास्त्री पटवर्धन हे १८१५ च्या जुलैमध्यें, आषाढीच्या दिवसांत, दुसऱ्या बाजीरावाबरोबर पंढरपुरीं होते. एका रात्रीं त्रिंबकजी डेंगळ्याकडून देवदर्शनास येण्याचें बोलावणें आलें. शास्त्रीबोवांनीं प्रकृति ठीक नसल्याचें कळविलें. पुन्हां माणूस आला. पुन्हां तेंच उत्तर. ऐवजी म्हणून त्यांनीं आपल्या मंडळींपैकीं दोघांस देवळांत पाठविलें. तरीही तिसरें बोलावणें आलें, आणि त्यावेळीं शास्त्रीबोवा उठून गेले. दर्शन घेऊन परततांना वाटेंत त्यांचा खून झाला. या खुनाचे राजकीय परिणाम ग्रांट डफपासून सर्वांनीं वर्णिले आहेत. पेशवाईच्या अंताचा तो एक टप्पा होय. आमच्या प्रस्तुत विषयापुरतें इतकेंच पाहावें कीं, आजाराची वर्दी रीतीप्रमाणें गेली होती, दोनदां गेली होती, ऐवजी माणसेंही गेलीं होतीं. तरी ज्याला मूळ माणूसच हवा होता त्यानें ती मानली नाहीं, आणि आजाऱ्यानेंही तिसऱ्या वेळीं आपलाच शब्द मागें घेतला. मोठ्या माणसाचें बोलावणें तीनदां आल्यावर अंथरूण न सोडण्याचें धैर्य आजही थोड्यांच्याच अंगीं असेल.

इंग्रजी अमलाबरोबर ऐवजी माणसाची जागा कागदानें घेतली. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें आणि अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत अर्ज, दाखला व रजा हें त्रिकूट रुजलें. पटेल-पटवारी हीं कामें मात्र वंशपरंपरेनेंच राहिलीं. १९०० च्या कायद्यानें तीं नियमबद्ध झालीं, आणि तेथें मूळ हक्कदाराच्या जागीं काम करणारा दुसरा ही जुनी सोय टिकली. कचेरींतील कारकुनाचें तसें नव्हतें. त्याची जागा त्याच्या घराण्याची नव्हती. भावास पाठविण्याची सोय संपली. त्याच्या मोबदल्यांत त्यास एक मोठी गोष्ट मिळाली : आजार आतां घराचा न राहतां त्याचा स्वतःचा झाला, व त्याचे पगारी दिवस मोजून ठेवलेले असूं लागले. परंतु त्याच्या शब्दाची किंमत गेली. "शरीरीं समाधान नाहीं" हें आतां त्यानें सांगून भागेना. तें सिव्हिल सर्जननें लिहून द्यावें लागे. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत वैद्यकीय दाखल्यावरील रजेचीं कलमें आहेत, आणि १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियमांत वर्षास २० दिवस अर्धवेतनी रजा, व दाखला दिल्यास तिचें परिवर्तित रजेंत रूपांतर, अशी व्यवस्था आहे. आम्ही स्वतः या नियमांवर जगलों आणि त्यांविरुद्ध आमची तक्रार नाहीं. एकदां विषमज्वरांत पडलों असतां दाखला पोंचण्यास आठ दिवस उशीर झाला, आणि तेवढे दिवस आमचा ज्वर सरकारदरबारीं अस्तित्वांतच नव्हता, इतकेंच.

गिरण्यांत तिसराच प्रकार झाला. तेथें ऐवजी माणूस परत आला, पण आजाऱ्यानें पाठविलेला नव्हे. मुकादमानें दारांतून उचललेला. त्यास बदली म्हणत. जुना ऐवजी मूळ माणसाची जागा राखी. हा बदली ती खाऊं पाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत परळ येथें कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांबरोबरच, कामावर दुखापत झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावें, अशी मागणी त्यांत होती. केवळ ज्वरानें पडलेल्याची सोय मागण्यास अजून अवकाश होता. मुंबईच्या गिरण्यांतून बदल्यांच्या नोंदणीची पद्धत १९३५ च्या सुमारास आली. पुढें डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारांत मजूरमंत्री असतां प्रा. आडारकर यांनीं १९४४ मध्यें आरोग्यविम्याचा अहवाल दिला; त्यांतून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला; २४ फेब्रुवारी १९५२ पासून कानपूर व दिल्ली येथें आणि १९५४ मध्यें नागपूर व मुंबई येथें योजना सुरू झाली. आजारी कामगारास आजाराच्या दिवसांचे पैसे, तेही धन्याच्या मर्जीवर अवलंबून न राहतां, मिळूं लागले. शेतांतील मजूर मात्र या कायद्याच्या कक्षेंत आला नाहीं.

म्हणून आम्ही फिरून भातकुलीस येतों. हा पूर्णाखोऱ्यांतील खारपाण पट्टा. विहिरीचें पाणी मचूळ, जमीन काळी, पावसाळ्यांत चिखल गुडघाभर आणि घरोघर हिंवताप. कपाशी व ज्वारी यांचीं शेतें सालदारांच्या बळावर चालत. सालदार पाडव्यास ठरे, पुढच्या पाडव्यास सुटे. रोख रुपये व ज्वारी असा त्याचा ठराव होई. त्याला अर्ज लिहितां येत नसे, दाखला आणण्यास अमरावती गांठावी लागे. त्याच्या आजाराची वर्दी त्याची कारभारीण सकाळीं वाड्याच्या दारीं येऊन देई : "आज येनं होत नाई त्याह्यचं." धनी वहींत खाडा मांडी. वर्षाअखेर खाड्यांची बेरीज होई. तितके दिवस पाडव्यानंतर भरून द्यावयाचे, नाहींतर पैसे कापून घ्यावयाचे. मनूच्या त्या दोन श्लोकांचा सांगाडा येथें जशाचा तसा उभा आहे. आर्तानें स्वस्थ झाल्यावर काम भरून दिलें तर वेतन पूर्ण; न दिलें तर नाहीं. हा नियम भातकुलीस कोणी मनुस्मृति वाचून आणला नाहीं. उलट स्मृतिकारानेंच तो अशाच कोणा वाड्याच्या दारीं ऐकला असावा, असें मानण्याकडे आमचा कल आहे.

संग्राहकांस या ठिकाणीं एक विनंति करावयाची आहे. वऱ्हाडांत जुन्या घरांतून दप्तर बाहेर निघालें कीं सनदा, मोडी पत्रें व पोथ्या वेंचून घेतल्या जातात, आणि अलीकडच्या बालबोध हिशेबवह्या रद्दींत जातात. यादव माधव काळे यांनीं १९२४ मध्यें 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला, यवतमाळच्या शारदाश्रमानें कागदपत्रांचा संग्रह केला, त्या पिढीच्या उद्योगामुळेंच आज आपल्यापाशीं थोडेंफार आहे. परंतु ज्या वर्गानें कधीं पत्रच लिहिलें नाहीं, त्याच्या आजाराचा इतिहास फक्त खाड्यांच्या वहींत आहे. आणखी एका ठिकाणीं तो आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. त्याची हकीकत अशी.

आमचे एक चुलते भातकुलीच्या शिवारांत शेती करीत. त्यांच्या पश्चात त्यांच्या वह्या आमच्याकडे आल्या. त्यांतील १९८६ सालच्या वहींत एका सालदाराचें पान आहे. भाद्रपदांत ऐन निंदणाच्या दिवसांत त्यावर ओळीनें अकरा दिवस "पोरगा" असें लिहिलें आहे, आणि खालीं खाडे मांडले आहेत ५॥. आरंभीं आम्हांस याचा उलगडा होईना. मग ध्यानांत आलें : बाप तापानें पडला, त्याच्या ऐवजीं मुलगा आला; मुलाचा दिवस अर्धा धरला, म्हणून अकरा दिवसांचे साडेपांच खाडे. वर्षाच्या अखेरीस "५॥ भरून घेतले" असा शेरा आहे व ठरलेला ऐवज पुरा चुकता केला आहे. चुलते हिशेबास चोख होते. पै इकडची तिकडे नाहीं. कौटिल्य पाहता तर म्हणता कीं आजाऱ्यानें काम दुसऱ्याकडून करविलें. मनु पाहता तर म्हणता कीं बाकीचें त्यानें स्वस्थ झाल्यावर पुरें केलें.

त्या वर्षीं आम्ही तालुक्यांतीलच एका शाळेवर होतों आणि सातवीस शिकवीत होतों. टाचणवह्या जपून ठेवण्याची आम्हांस संवय आहे. वहीवरील तिथ्या पाहून आम्हीं त्या वर्षाची टाचणवही काढली. त्याच अकरा दिवसांत वर्गांतील एक मुलगा गैरहजर असल्याची नोंद तींत आहे. तो बाराव्या दिवशीं आला तेव्हांचें आम्हांस स्पष्ट स्मरतें. कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "बाच्या खाड्यावर गेल्तो, गुरुजी." हें उत्तर आम्हांस उर्मट वाटलें. बापाचा खाडा बापाचा. तूं शाळा कां बुडविलीस, असें म्हणून आम्हीं त्यास दिवसभर वर्गाबाहेर उभें केलें. चिठ्ठी कां आणली नाहीं, असेंही विचारलें. बाप तापांत, आई निंदणावर, चिठ्ठी लिहिणार कोण, हा विचार त्या वेळीं मनांत आला नाहीं. संस्कृतच्या तासास त्या सुमारास आम्ही प्रयोजक क्रियापदें शिकवीत होतों, हें टाचणवहीवरूनच दिसतें.

शाळांच्या हजेरीपटांतून निंदणाच्या, वेंचणीच्या व सोंगणीच्या हंगामांत ज्या गैरहजेऱ्या आहेत, त्या खाड्यांच्या वह्यांशीं ताडून पाहिल्यास वऱ्हाडांतील शेतमजुरांच्या आजाराचा बराच इतिहास उभा राहील. ज्या कोणापाशीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या रद्दींत न घालतां आम्हांस नकलेपुरत्या द्याव्या. परत पोंचत्या करण्याचा खर्च आम्ही सोसूं. चुलत्यांची वही व आमची टाचणवही या दोन्ही आम्हीं आतां एका रुमालांत बांधून ठेविल्या आहेत. पहिलींत त्या अकरा दिवसांपुढें "ऐवजी" असें लिहिलें आहे. दुसरींत, आमच्या अक्षरांत, "विनापरवानगी".